सहावे कपाळ

सोम., १७ नोव्हेंबर

या वहीत मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: एखादी वस्तू घरी केली आणि ती झाडपाल्याची आहे, एवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरत नाही. उदाहरण घरातलेच घेते. माझी धाकटी जाऊ सुमित्रा (यापुढे सु.) स्वयंपाकघरात कातडीसाठी मलम करते. ते वापरणाऱ्यांच्या कपाळावर पुरळ उठते, असे आज ऐकले. साध्य ठरले, आता हेतू, म्हणजे त्याचा पुरावा, शोधायचा.

परभणीला कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. यजमान गेले, पुढे मी निवृत्त झाले, आणि पेडगावला दिराच्या घरी येऊन राहिले. तेव्हापासून कोणी मला काही सिद्ध करायला सांगितले नव्हते. आज बचत गटाच्या कमलबाई आल्या. पदर मागे सारून कपाळ दाखवले. भुवयांच्या मधोमध लाल पुटकुळ्या, कडेची कातडी सोललेली.

"बाई, तुमी शिकलेल्या. खरं काय ते तुमीच सांगा. सुमित्राला इचारलं तर ती रडंल."

सु. रडणारी नाही. 

१८ नोव्हेंबर

सु.च्या शेजारी बसून कृती उतरवली. करडईचे तेल चार वाट्या. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, मूठभर. हळद अर्धा चमचा. मंद आचेवर तासभर, मग पंच्यातून गाळणे. पातेल्यात पाणी, पाण्यात वाटी, वाटीत मधमाशांचे मेण. ते विरघळले की त्यात हे तेल. चाराला एक, थंडीत मेण थोडे कमी. मेण येलदरीच्या बाजूचा मधवाला आणून देतो. एक थेंब बशीवर टाकून, गार झाला की बोटाने दाबून पाहते. मापापेक्षा बोटावर तिचा विश्वास अधिक.

डब्या उन्हात वाळवते, आत पाण्याचा अंश राहू नये म्हणून. पूर्वी कोरफडीचा गर घालत असे. आठवड्यात बुरशी धरली. गर म्हणजे पाणी, आणि पाणी असेल तिथे बुरशी, हे मी दाखवून दिले. तेव्हापासून ती माझे ऐकते.

"काय लिहायलाव अक्का?"
"कृती."
"मंजी मी मेल्यावर तुमी करणार? बरं झालं, मोकळी झाले."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गटाने वाण म्हणून तिच्या चाळीस डब्या ठरवल्या आहेत. डबीवर लावायच्या चिठ्ठीचा नमुना तिने दाखवला: 'सुमित्राचे मलम'. या घरात येऊन तिला तीस वर्षे झाली. तिचे नाव लिहिलेली वस्तू या घरात दुसरी नाही, रेशनकार्ड सोडून. मी फक्त शुद्धलेखन पाहिले. शुद्ध होते.

२१ नोव्हेंबर

चौकशी पूर्ण. रोज तोंडाला मलम लावणाऱ्या गटातल्या बायका पाच. पैकी चौघींना पुरळ: कमलबाई आणि त्यांच्याच वयाच्या तिघी. पाचवी कमलबाईंची सून रेखा; तिला नाही. कारण स्पष्ट आहे, वय कमी, कातडी ताजी.

प्रत्येकीला एकच प्रश्न, एकाच शब्दांत: तोंडाला काय काय लावता?

कमलबाई: "काय न्हाई बाई. एक साबण, आन हे मलम. आमाला कुठं पावडर अन् काय."

बाकीच्या तिघींचे उत्तर हेच. साबण वेगवेगळे, आणि वर्षानुवर्षांचे. मलम एक, आणि नवे.

सु.ला मोजणीत धरले नाही. ती बोटाला उरलेले टाचांच्या भेगांना लावते, तोंडाला नाही. "आपलंच केलेलं आपणच तोंडाला फासायचं, बरं दिसतं का?"

मी स्वतः दसऱ्यापासून रोज संध्याकाळी कपाळाला आणि गालांना लावते. मला काही नाही. सकाळी भस्म लावते, ते कोरडे, दुपारपर्यंत झडते. मी अपवाद.

रवि., ३० नोव्हेंबर

चौघींना आठ दिवस मलम बंद करायला लावले होते. तिघींचे पुरळ बसले. कमलबाईंचे अर्धे. जे आले की विकार येतो आणि गेले की जातो, ते कारण. अन्वय झाला, व्यतिरेकही झाला. आणखी काय हवे.

सु.ने विचारले, "कमलबाई डबी न्यायला आल्या न्हाईत आवंदा?" थंडी पडली आहे, येतील, असे सांगितले. ते खोटे होते. पण निष्कर्ष पुरा होण्याआधी सांगणे घाईचे झाले असते.

रवि., ७ डिसेंबर

गटाची बैठक, कमलबाईंच्या ओसरीवर. मी उभे राहून मांडले. साध्य, हेतू, उदाहरण, निगमन. दहा मिनिटे.  शेवटी म्हटले की यात सु.चा हेतू वाईट नाही, दोष वस्तूचा आहे. कडुनिंब अथवा हळद, दोहोंपैकी एक तेलात उतरून कातडीला सोसत नसावे. पुरळ कपाळावरच का, गालांवर का नाही, असे रेखाने विचारले. कपाळ उन्हात असते, असे उत्तर दिले.

सु. मागे खांबाला टेकून बसली होती. घरून निघताना तिला एवढेच सांगितले होते की मी मलमाविषयी बोलणार आहे. ती नवे लुगडे नेसून आली होती.

वाण बदलले. गाळण्या ठरल्या.

८ डिसेंबर

सु. दिवसभर नेहमीसारखी. भाकरी टाकताना, माझ्याकडे न बघता:

"अक्का, तुमीबी लावताव की. तुमाला काय झालं?"
"एका माणसावरून काही ठरत नाही."
"मंग चार माणसांवरून ठरतं?"
"चार अधिक आहेत."
"हां. तुमचं गणित पक्कं हाय."

भाकरी तव्यावर जरा जास्त फुगू दिली. करपली नाही.

१४ डिसेंबर

ताडकळसला सु.चे माहेर. तिच्या बहिणीने बाजाराच्या दिवशी विकायला डझनभर डब्या एका दुकानात ठेवल्या होत्या. आज परत आल्या, एसटीतून, पिशवीत. पुरळाची बातमी तिथवर पोचली. बहिणीने सोबत दरवर्षीप्रमाणे कुंकवाची पुडी पाठवली. त्या बाजारातले तेच कुंकू गटातल्या साऱ्या जणी मागवतात.

सु.ने डब्या मोजल्या नाहीत. तशाच फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवल्या. चिठ्ठ्या सोलून काढल्या होत्या. तिथे की इथे, ठाऊक नाही.

दीर (आप्पा) त्यातली एक डबी गोठ्यात घेऊन गेले. जोखडाने बैलाचा खांदा सोलला आहे.

२२ डिसेंबर

बैलाचा खांदा भरून आला. आप्पा जेवताना, सर्वांदेखत:

"वैनी, बैलाला न्हाई उठलं पुरळ. का त्योबी अपवाद?"

सु. पदराआड हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मी म्हटले, बैलाची कातडी वेगळी. आप्पा म्हणाले, "आसंल. पर त्येला तोंडच न्हाई कुणाला सांगायला, म्हनून म्या सांगायलोय."

बैलाविषयी काही लिहावे असे वाटत नाही. पण लिहिले.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ. गटाचे हळदीकुंकू कमलबाईंकडे, सु. गेली आणि गाळणी घेऊन आली. गाळणी चांगली आहे. तिने चुलीपाशी खिळ्याला टांगली, समोरच, जाता-येता दिसेल अशी.

रवि., १८ जानेवारी

आज आमच्या घरी हळदीकुंकू. सु.ने टाळले नाही. बायकाही आल्या, हळदीकुंकवाला नाही म्हणता येत नाही. वाण म्हणून गुळाचा खडा.

अशा दिवशी मी आतल्या खोलीत असते. कोणी तसे सांगत नाही, सांगावे लागतही नाही. पुस्तक उघडे होते. दार लोटलेले. पुढले बोलणे ऐकू आले ते असे. शब्द होते तसेच लिहिते.

रेखा: "काकू, मेण हाय का वो? आत्तींच्या (म्हणजे सासूच्या) कपाळावर कुंकू टिकंना. सगळं नाकावर पडायलंय."
सु.: "मेण सरलं. आता आणितच न्हाई मी."
कमलबाई: "आगं, मेण कवाच सोडलं आमी. मेणाची डबी लागती, मग ते बोटाला चिकटतं. सुमित्राचं मलम व्हतं तवर त्येच लावायचो खाली, त्यावर कुंकू. लय झ्याक बसायचं! सकाळी लावलं की दिवा लागंस्तोवर हालायचं न्हाई. निघायचं न्हाई, चोळून काढावं लागायचं."
दुसरी कोणी: "आमी समद्याच तसं करायचो. कमलबाईनंच शिकवलं."
कमलबाई: "रेखाचं बरं हाय. टिकली चिकटवली की झालं."
मग हसणे, बांगड्या, आणि सु.चा आवाज: "घ्या, हळद घ्या."

पुस्तकाचे पान उलटले नाही.

तोंडाला काय काय लावता, असे मी विचारले होते. तोंडाला लावायच्या वस्तूंत कुंकू कोणी धरत नाही. ते वस्तू नव्हेच. मीही धरले नाही. माझ्या आरशात अकरा वर्षांत ते नाही.

१९ जानेवारी

तर्काने आता तीन शक्यता: मलम एकटे, कुंकू एकटे, दोन्ही मिळून. चौघी कुंकू पूर्वीपासून लावतात, विकार नव्हता. रेखा मलम लावते, कुंकू नाही, विकार नाही. मीही तशीच. अनुमान सरळ आहे. पण मागचेही सरळ होते. म्हणून प्रयोग.

सु.ला चिमूटभर कुंकू मागितले. ती पीठ मळत होती. हात थांबले.

"कशाला अक्का?"
"हातावर लावून पाहायचे आहे."

तिने हात धुतले, कोरडे केले, करंडा आणून उघडून समोर धरला. चिमूट मीच घ्यावी की तिने द्यावी, हे दोघींनाही ठरवता आले नाही. शेवटी तिने कागदावर झाडले.

डाव्या हाताच्या आतल्या बाजूला पेनाने चार चौकोन. पहिला: मलम. दुसरा: कुंकू. तिसरा: खाली मलम, वर कुंकू. चौथा: काही नाही. फळीवरची एक डबी फोडली. वास अजून ताजा.

२१ जानेवारी

पहिला: काही नाही. दुसरा: धुतल्यावर किंचित गुलाबी, तासात गेला. चौथा: काही नाही. तिसरा: लाल, पुटकुळ्या, खाज. कमलबाईंचेच पुरळ, लहान आकारात.

म्हणजे मलमात दोष नाही. कुंकवात जो रंग आहे तो कोरडा असताना कातडीवर बसून राहतो. तेल-मेणात मुरला की आत उतरतो, आणि दिवसभर उतरत राहतो. करणारीने मलम याकरिता केलेच नव्हते. लावणारींनी सांगितले नाही, कारण त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखे काही नव्हते.

एका हातावरून सर्वांविषयी बोलणे ही पहिलीच चूक पुन्हा करणे होय. म्हणून 'बहुधा' हा शब्द वापरेन. मागच्या वेळी वापरला नव्हता.

२३ जानेवारी

सु.ला हात दाखवला. सारे क्रमाने सांगितले. तिने तिसऱ्या चौकोनाच्या कडेने बोट फिरवले, मधे नाही.

"खाजायलंय?"
"हो."
"लावा मंग मलम त्यावर," असे म्हणाली, आणि स्वतःशीच हसली. मग हसू गेले. "अक्का, तुमी त्या दिवशी उभं राहून बोलल्या. आता हे बसून सांगायलाव."

बरोबर होते. रविवारी गटापुढे उभी राहून वाचून दाखवीन असे म्हटले.  त्यावर ती:

"वाचा. पर मी मलम करीन का न्हाई, ते त्यात लिहू नका. ते माजं मला ठरवायचंय."

"येशील ऐकायला?"

"बगू. कपडे वाळत घालायचेत."

मधवाला उद्या गावात येणार आहे, असे आप्पांनी बाहेरून, कोणाला उद्देशून नाही असे, दोनदा सांगितले.

रवि., २५ जानेवारी

रथसप्तमी. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. बैठक चारला. मधवाला काल येऊन गेला, सु. अंगणात त्याच्याशी बोलत होती, काय घेतले ते पाहिले नाही. फडताळाकडेही पाहिले नाही. ती पाहण्याची जागा माझी नव्हे.

पहिल्या पानावरचे साध्य तसेच ठेवते. घरचे आणि झाडपाल्याचे म्हणून निरुपद्रवी, हे आजही सिद्ध झालेले नाही. पण त्याला दिलेले उदाहरण खोटे होते. वाचायचा मजकूर असा:

"गटातील सर्व भगिनींस. सात डिसेंबरला मी सांगितले की सुमित्राच्या मलमाने पुरळ उठते. ते चुकीचे होते. मलम व कुंकू एकावर एक लावल्याने ते बहुधा उठते. कुंकू कोरडे लावावे, अथवा मलम संध्याकाळी कुंकू पुसल्यावर लावावे. कडुनिंब आणि हळद यांवर मी ठेवलेला दोष मागे घेते. सुमित्राला आधी न विचारता तिच्याविषयी चारचौघींत बोलले, तो तर्काचा नव्हे, वागण्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मी तिला निराळे देईन.

चूक एकच, आणि ती कबूल करते. 'सर्व' म्हणून केलेले विधान एका प्रतिउदाहरणाने पडते, हे मी सारे आयुष्य फळ्यावर लिहिले. मलम रोज लावणारी कपाळे मी पाच मोजली. पाचव्याला, रेखाच्या, काही नव्हते, ते मी तिच्या वयावर ढकलले. पण कपाळे सहा होती. सहाव्यालाही मलम रोज लागत होते, त्याचे वय कमी नव्हते, तरी त्याला काहीही झाले नव्हते, आणि तेवढ्याने माझा निष्कर्ष पडत होता. त्यावर कुंकू नाही म्हणून मी ते मोजण्यात धरले नाही. ते माझे होते.

गिरिजा"