कूलंट, तर्री आणि लेसिथिन

३ मार्च
कंपनीच्या मेडिकलचा रिपोर्ट आला. रक्तात चरबी फार. डॉक्टर म्हणाले, तेलकट बंद, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. घरी सांगितलं तर रुपालीने तळणाची कढई लगेच माळ्यावर टाकली. दौलतदादा, माझा थोरला भाऊ, माझ्याच वयाचा असताना जेवता जेवता गेला. मी घाबरलेलो नाही. बायकोच उगाच टेन्शन घेते.

५ मार्च
उपाय सापडला. लेसिथिन! सोयाबीनपासून काढलेली पावडर. डब्यावर लिहिलंय, चरबी पाण्यात मिसळवते. अहो, हे तर आमचं रोजचं काम. मशीन शॉपवर कापताना धातू थंड ठेवणारं कूलंट मीच बनवतो. ऑइल पाण्यात मिसळलं की दुधासारखं होतं, पाइप चोकअप होत नाही. रक्ताचंही तेच असणार. डॉक्टरांनी कधी मशीन शॉप पाहिलेलं दिसत नाही.

७ मार्च
कँटीनमध्ये प्रयोग. ग्लासात पाणी, वर मिसळीची तर्री, चमचाभर लेसिथिन. ढवळलं. तवंग गायब! शेजारच्या मशीनवरचा नवनाथ म्हणाला, राव, त्यापेक्षा तर्रीच सोड की. जळतो मेला. घरी रुपालीलाही करून दाखवलं. ती म्हणाली, ग्लासाला काळीज नसतं.

१२ मार्च
चाकण चौकात डबल भुर्जी. चैन नव्हे, अंड्याच्या पिवळ्यात लेसिथिन असतं. बटर जास्त टाकायला सांगितलं. मिसळायला काहीतरी हवंच ना.

१८ मार्च
जिना चढताना छाती जड झाली. घाम. गॅस असणार. रुपालीला बोललो नाही. उद्यापासून लिफ्ट.

२३ मार्च, सकाळी
उपाशीपोटी रक्त दिलं. काल काळेवाडीत भाच्याची, पिंटूची हळद होती. मटण सोडवेना, म्हणून घरी येऊन लेसिथिन दुप्पट घेतलं. बिनधास्त आहे.

२३ मार्च, दुपारी
लॅबमधून मुलीचा फोन. म्हणाली, काका, तुमच्या रक्तातलं पाणी वेगळं केलं, ते दुधासारखं पांढरं आलंय. मी आनंदाने ओरडलोच, मिसळलं! ती म्हणाली, काका, ती सगळी चरबीच आहे. आजच डॉक्टरांना भेटा. आणि एकटे जाऊ नका.

संध्याकाळी
दवाखान्याबाहेर नंबर लावून बसलोय. रुपालीने लेसिथिनचा डबा पिशवीत घेतलाय, डॉक्टरांना दाखवायला. खूप भीती वाटतेय. रिक्षात तिला जिन्यावरचं सांगून टाकलं. म्हटलं, साधा गॅस होता गं. ती रडायलाच लागली. दौलतदादाही गॅसच म्हणाला होता.