गाडी भरून मग दिवे

बाबा, तुमच्या पिकअपचे दिवे मी बदलले. काचांच्या वरच्या अर्ध्या भागाला तुम्ही दर दिवाळीला फासायचात तो काळा रंग ब्लेडने खरवडून काढला आणि आत पांढरे एलईडी बसवून घेतले. धायरीच्या आपल्या नर्सरीतून कुंड्या पोचवायला निघालं की त्या मिणमिणत्या पिवळ्या उजेडात खड्डा चाकाखाली आल्यावरच कळायचा. वायरमन म्हणाला, ताई, आता बघा, दिवस उगवल्यासारखं वाटेल. वाटलंही तसंच. खूश झाले मी, उगाच खोटं कशाला सांगू.

तुम्ही असता तर आधी मातीची पोती चढवायला लावली असती. विशीत असताना एकदा मी हौसेने भिंतीसमोर गाडी उभी करून दिव्यांचे स्क्रू पिळत बसले आहे. तुम्ही चहाचा कप घेऊन येता, रिकाम्या हौद्यात डोकावता आणि म्हणता, "रिकामी गाडी घेऊन कुठे मिरवायला चाललीस? भरली की मागून बसते, नाक वर करते, उजेड थेट डोळ्यांत जातो. समोरच्यालाही डोळे असतात." मग आपण दोघं पोती चढवतो, तुम्ही भिंतीवर खडूने रेघ मारता आणि उजेड तिच्याखाली येईपर्यंत मला उठू देत नाही. किती राग आला होता तुमचा तेव्हा.

या वेळी मी रिकाम्याच गाडीवर उजेड बघितला. चार दिवसांनी, संध्याकाळी, हौदा कुंड्यांनी गच्च भरलेला होता. कात्रजच्या अलीकडे समोरून एक आजोबा स्कूटरवर आले, त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि ते सरळ फुटपाथवर जाऊन आदळले. मनगट मोडलं. मी धावत गेले, तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुम्हाला नीट दिसलं ना सगळं? मग झालं."

दवाखान्यात आजोबांच्या पत्नी धावत आल्या; त्या आजींनी विचारलं, काय झालं हो नेमकं? मी सांगितलं, स्कूटर वाळूवरून घसरली. आजोबांनी डोळे मिटून घेतले.

जुने दिवे परत बसवलेत. काळा रंगही दिलाय, गाडी भरूनच उजेड बघितला. तरी जिवाला स्वस्थता नाही. दोनदा त्यांच्या घरी डबा घेऊन गेले. देवासारखी धावून आलीस, असं आजी म्हणतात आणि मी ऐकून घेते. हे पत्र खरं तर त्यांना लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ते वाचणार नाही.