पितळी खटका

बाबा, मागच्या आठवड्यात मी नागपूरला जाऊन गिटारच्या पेडलसाठी तयार पेटी आणली. काळी, कोपऱ्यांना ॲल्युमिनियम, आत फोम. दुकानदाराने तीन पेट्या काउंटरवर मांडल्या आणि प्रत्येकीचा खटका उघडून-लावून दाखवला. "मॅडम, हा आपोआप कधीच उघडणार नाही," तो म्हणाला, आणि मला त्याच्याकडे बघवेना. हाताला लागली ती पेटी घेऊन मी बाहेर पडले. ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये ती अजून प्लास्टिकमध्येच आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. त्याआधीची नऊ वर्षं मला सांगायला मोकळी होती.

तेव्हा मी एकवीस वर्षांची, चंद्रपूरच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारी एकटी मुलगी. "पोरगी गावोगाव फिरून राह्यली," असं काका अंगणात येऊन म्हणाले, तेव्हा तुम्ही रंधा न थांबवता "वाजवून राह्यली, फिरून नाई," एवढंच बोललात. आरमोरीच्या आसपासच्या गावांत भजनाच्या आणि भीमगीतांच्या मंडळांकडे हार्मोनियम ठेवायच्या ज्या लाकडी पेट्या होत्या, त्या बहुतेक तुमच्या हातच्या. तरी मला दुकानातलीच पेटी हवी होती. "पेटीच पायजे ना? मंग मी इतके वर्स काय करून राह्यलो?" तुम्ही हसत म्हणालात. मग जमिनीवर वर्तमानपत्र पसरून माझी चारही पेडल त्यावर ठेवायला लावलीत. गिटारचा आवाज बदलणाऱ्या त्या लोखंडी डब्या, पायाने दाबायच्या. दोन माझ्या, दोन ऑर्केस्ट्रातल्या जुन्या गिटारवाल्या भाऊंनी विश्वासाने वापरायला दिलेल्या. तुम्ही प्रत्येक डबीभोवती पेन्सिल फिरवता आहात आणि विचारता आहात, "पाय पयले कोणावर जाते तुया?" मी दाखवते. तुम्ही मागची रांग दोन बोटं उंच करता, पाय अडखळू नये म्हणून. प्लायवूडची पेटी, कडांना सागाच्या पट्ट्या, आत जुन्या घोंगडीचा तुकडा, आणि पुढे पितळी खटका. तो तुम्ही इतक्या वेळा लावून बघितलात की आई आतून ओरडली, "आता त्याले झोपू द्या!"

जिवतीच्या कार्यक्रमाला आम्ही पिकअपने निघालो. गडचांदूरला चहाला थांबलो, तेव्हा मी पेटी उघडली. पेडलच्या बाजूला मी पावडरचा डबा आणि केसांच्या पिना ठेवल्या होत्या, त्या काढल्या. तेवढ्यात ऑर्केस्ट्राच्या मालकांनी हाक मारली, "चाल बाई, उशीर होऊन राह्यला!" मी झाकण नुसतं टेकवलं. खटका लावला नाही. हे मला घाट लागायच्या आधीच आठवलं होतं, बाबा. पण पेटी मागे स्पीकरांवर होती, गाडी थांबवायला सांगितली तर सगळे हसतील असं वाटलं. एका वळणावर पेटी कलंडली आणि झाकण उघडून पेडल रस्त्यावर सांडली. मागून येणाऱ्या आमच्याच दुसऱ्या गाडीखाली दोन फुटली. दोन्ही त्या भाऊंची.

सगळे उतरले. भाऊ फुटलेले तुकडे ओंजळीत घेऊन उभे होते. मालकांनी विचारलं, "लावली होती ना नीट?" मला वाटलं, आता म्हणतील, पोरीला घेतलं हीच चूक झाली. मी म्हणाले, "लावली होती. खटकाच निसटला."

चार दिवसांनी मालक आरमोरीला घरी आले आणि तुमच्यासमोर तेच बोलले. मी दाराशी उभी होते. तुम्ही पेटी मांडीवर घेतलीत, खटका लावला, उघडला, पुन्हा लावला, पेटी उलटी करून हलवली. "धरते तर," तुम्ही स्वतःशीच म्हणालात. मग माझ्याकडे बघितलंत. तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला समजावत आले. पण तुम्ही मालकांकडे वळून म्हणालात, "माहीच चूक हाय, भाऊ. स्प्रिंग नरम पडली असन." आणि माझी मान खालीच राहिली.

त्यानंतर तुम्ही ती पेटी फळी-फळी सुटी केलीत, दोष सापडेना. मग सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून गावोगाव गेलात आणि तुम्ही केलेल्या हार्मोनियमच्या पेट्यांचे खटके बदलून लोखंडी कड्या बसवल्यात. लोक म्हणत, "अजी, चांगला हाय तं, काऊन काढता?" तुम्ही म्हणत होतात, "माह्या हाताचा भरोसा नाई राह्यला." एका संध्याकाळी घरी येऊन तुम्ही मला म्हणालात, "त्या गिटारवाल्या भाऊले सांग, बाकीच्या सगळ्या पेट्या पाहून आलो." मी "सांगते" म्हणाले. पुढच्या वर्षापासून तुम्ही पेट्या करणंच सोडलंत. दारं-चौकटी तेवढ्या केल्यात. मी पेडल खांद्याच्या पिशवीत टाकून नेत राहिले आणि तुम्ही पुन्हा कधी पेटीचं नाव काढलं नाहीत.

हे पत्र मी आईला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं. काल आरमोरीला आलेय. आज दुपारी माझी मुलगी तिला विचारत होती, आजोबांनी पेट्या करणं का सोडलं म्हणून. आई म्हणाली, "हात बसत नोयता मंग त्याईचा. तुया मायलेच विचार, तिची पेटी रस्त्यात उघडली होती." दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

आई आता आतल्या खोलीत तांदूळ निवडते आहे. मी इथे, ओसरीवर. उठून आत जायला दहा पावलंही लागत नाहीत. कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवणार आहे, कारण दुपारी त्या दोघींनी पाहिलं तेव्हा मी मान हलवली, बाबा. "हो, खटकाच निसटला होता," म्हणाले.