आईचं वेगळं गाडगं

औरंगाबाद, चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप दादांच्या पायी बंकटचा दंडवत. मी खुशाल आहे.

आई बरळते, चालताना झोक जातो, सारखी ओकते, हे वाचलं. ‘तुझी बायको आईचं कालवण वेगळ्या गाडग्यात शिजवती, वर झाकून ठेवती. तिनंच कायतरी घातलं हाय. तिला माहेरी धाडतो,’ असं तुम्ही लिहिलंत. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. साखरा आईशी केव्हा केव्हा भांडली, ते आठवत बसलो.

परवा गिरणीच्या भट्टीवर माझा जोडीदार म्हाळू पडला. दिवसभर घाम गाळून नुसतं पाणी पीत होता. पोटऱ्यांत गोळे आले, मलाच ‘मामा’ म्हणायला लागला. डॉक्टर म्हणाले, घामावाटे मीठ जातं. वर नुसतं पाणी प्यालं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि डोकं फिरतं. त्यांनी मिठाचं पाणी थोडं थोडं पाजलं. सांजेला म्हाळूने मला नावानिशी शिवी दिली.

दादा, मी परत येईपर्यंत मीठ खायचं नाही, असा नवस तर आईने केला नाही? नवस फुटू नये म्हणून कुणाला सांगू नको, अशी साखराला शपथ घातली नसेल?

ते कालवण जिभेला लावून बघा. गिळू नका, माझाही संशय पुरता गेलेला नाही. पण अळणी लागलं तर साखराला धाडू नका. वैद्यांना विचारून आईला पेजेत चिमूट चिमूट मीठ द्या. ऐकलं नाही तर सांगा, बंकट आलाय. मी आठवड्यात पोचतो. तेवढेच दिवस ते खोटं.

तुमचा धाकटा भाऊ,
बंकट