हलकं पाकीट

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटतं. भारतातल्या पदव्या तपासणाऱ्या इथल्या कार्यालयाचा निकाल आज आला. माझी तीन वर्षांची पदवी त्यांनी दोनच वर्षांची धरली आहे. विद्यापीठाच्या सीलबंद पाकिटात शेवटच्या वर्षाची गुणपत्रिकाच नव्हती. आता शाळेतली नोकरी मिळायची नाही.

पहिलं पाकीट तुम्ही उघडून, कागद नीट बघून, पुन्हा डिंकाने चिकटवलं होतंत. सील तुटलंय म्हणून इथल्या कार्यालयाने ते परत पाठवलं. मी फोनवर म्हणाले, "नको तिथे शहाणपण कशाला करता?"

"अगं, तीस वर्षं कारकुनी केली मी. कारकुनावर विश्वास कसा ठेवू?"

मी हसले नाही.

दुसऱ्या पाकिटासाठी तुम्ही पुन्हा तीन दिवस विद्यापीठाच्या खिडकीसमोर उभे राहिलात. मग पोस्टातून फोन केलात. "हे जरा हलकं लागतंय गं. बघू का उघडून?"

"हात लावू नका. आहे तसं पाठवा."

तुम्ही तसंच पाठवलंत.

आज दादाला फोनवर निकाल सांगितला. तो म्हणाला, "बाबा तर लग्नपत्रिकासुद्धा दोनदा तपासायचे. हे कसं सुटलं त्यांच्या नजरेतून?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण मी म्हणाले, "वय झालं होतं रे त्यांचं."

तो "हं" म्हणाला आणि त्याला ते पटलं.

तुमची,
धाकटी