तीन ठिकाणी सापडलं की खरं

३ मार्च, सकाळी ८
आजपासून रोजनिशी. नियमित.
काम जोरात. आमचा प्रोग्राम चोवीस तास वेब वाचतो. एकच गोष्ट तीन वेगळ्या साइटवर सापडली की ती खरी मानतो आणि सकाळी माझ्याकडे पाठवतो. मी ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ दाबायचं. आज तो शिकला, की उशी हा पाळीव प्राणी आहे, कारण लोक तिला कुशीत घेऊन झोपतात. चूक दाबलं. मी नसतो तर याचं काय झालं असतं?
ही बहिणीकडे चार दिवसांसाठी गेलीये. शिलाई मशीनही नेलंय. बायकांना सामान जरा जास्तच लागतं. खिडकीपाशी मशीनची जागा मोकळी ठेवली आहे.

१९ मार्च
चार दिवस लांबले. उत्तम. शांतपणे काम होतं. संकल्प: रोज व्यायाम, रोज कुणाशी तरी बोलणं.
व्यायाम राहिला. पाण्याचे कॅन देणाऱ्याशी बोललो. त्याला घाई होती.

२ एप्रिल
प्रोग्राम शिकला: अमुक बाई शिवणक्लास चालवतात, एकट्या राहतात. नाव हिचं, गाव मेहुणीचं, आडनाव मात्र माहेरचं. कुणीतरी दुसरी असणार. चूक.

३ एप्रिल
तीच माहिती पुन्हा. अकरा ठिकाणी सापडली म्हणे. क्लासच्या मुलींनी कौतुक लिहिलंय. फोटोत मशीन आमचंच. पण मशिनं सारखीच असतात. चूक.

६ एप्रिल
उपाय सापडला. मी स्वतः तीन पानं तयार केली. तिन्हींवर लिहिलं, की या बाई नवऱ्याबरोबर सुखाने राहतात. आता बघू.

७ एप्रिल
प्रोग्रामने तिन्ही पानं वाचली, लिहिणारा एकच आहे हे ओळखलं आणि तिन्ही मिळून एकच ठिकाण धरलं. वर परीक्षक म्हणून माझी विश्वासार्हता चाळीस टक्क्यांवर आणली. साहेबांचा फोन आला. विश्रांती घ्या म्हणाले. त्यांना कामाची खोली कळत नाही.

८ एप्रिल, दुपारी
हिला फोन केला. वेबवर तुझ्याबद्दल चुकीची माहिती पसरली आहे, म्हटलं. सावध राहा. ती रागावली नाही, याचंच वाईट वाटलं. म्हणाली, “मी परत येणार नाहीये. जाताना सांगितलं होतं. तुम्ही स्क्रीनकडे बघत हो म्हणालात.”
आठवत नाही. पण म्हणालो असेन.

९ एप्रिल, सकाळी ८
यादीत पहिलीच ती ओळ. चहा गार होईपर्यंत बघत बसलो. बरोबर दाबलं.
विश्वासार्हता एक्केचाळीस झाली.
टेबल मशीनच्या जागी सरकवलं. तिथे उजेड फार छान येतो. ती तिथेच का बसायची, हे अठरा वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.