अर्धा उघडा व्हॉल्व्ह

९ मार्च १९८१, सोमवार

साहेबांनी तेर गावच्या शेतीपंपांची यादी माझ्या टेबलावर ठेवली. एकतीस मोटारी. शेतीचा वीजदर पुन्हा वाढला, आणि आता आकारणी मोटारीच्या हॉर्सपॉवरवर. तेव्हापासून पाच हॉर्सपॉवरच्या मोटारींवर तीनच्या पट्ट्या चढल्या आहेत. खरी ताकद मोजून लिहायची.

म्हटलं, सव्विसाव्या नंबरला आमची विहीर आहे.

“मग रस्ता विचारावा लागणार नाही,” म्हणाले.

१० मार्च

तेरला घरीच उतरले. आज अकरा मोटारी. दर वाढल्यावर माणसं काय काय करतात त्याला तपासणीच्या तक्त्यात रकाना नाही, म्हणून इथं. तिघांनी दोन मोटारी उतरवून एकीवरच पाळ्या लावल्या. एकानं डिझेल इंजिन आणलं. द्वारकाबाईंनी ऊसच मोडला – “करडई केली बाई औंदा. तिला पानी बी लागत न्हाय अन् बिल बी येत न्हाय.”

टाँग टेस्टर, करंट मोजायचा चिमटा, तारेभोवती धरला. अकराही ठिकाणी पाच अँपिअरच्या आसपास. पाचच्या मोटारीला सात-साडेसात हवेत. म्हणजे सगळ्या खरंच तीनच्या. गाव इतकं प्रामाणिक असल्याचं मला आठवत नाही.

११ मार्च

कळलं. तपासणीच्या धास्तीनं पंपाचा व्हॉल्व्ह अर्धा बंदच ठेवतात. पाणी कमी उचललं की मोटार वीज कमी ओढते. बंडप्पाच्या विहिरीवर मी व्हॉल्व्हला हात लावला, तर तो हसायला लागला. “ही अक्कल आमची न्हाय. तुमच्या वडलांची हाय. साऱ्या गावाला त्येनीच शिकवलं.”

दादांना मी शिकवलं होतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत. काटकीनं मातीत आलेख काढला – इकडे पाणी, इकडे करंट. दादा उकिडवे बसून बघत होते, मधेच मान हलवत होते. लेकीचं मन राखतायत असं वाटलं होतं.

१२ मार्च

दिवसभर वीज नाही. आमच्या विहिरीवर जाऊन बसले.

मोटेची धाव अजून ओळखू येते. बैल उतारानं निघाले की दादा मला मोटेच्या दोरावर, नाड्यावर बसवायचे. थारोळ्यात पाणी आदळलं की अंगावर शिंतोडे. खाली वाफ्यांत आई पाण्याची दारं धरून उभी असायची, तिथूनच ओरडायची, “पोरगी पडंल की वो.” कधी पडले नाही.

आठवीत होते तेव्हा मोटार आली. तिला कुंकू लावलं, नारळ फोडला. महारुद्रकाकांनी मोटारीला फेरी मारली – “पाच घोडी म्हनत्यात. मग लीद कुठंय?” सगळे हसले. दादा मात्र मला बाजूला घेऊन विचारत होते, एक घोडं म्हणजे बैल किती? मला सांगता येईना. गुरुजींनाही येईना. पुढं मी तंत्रनिकेतनात गेले ती बहुतेक त्याच प्रश्नापायी.

पाच घोडी. म्हणजे मला मोजायचीसुद्धा गरज नाही. पट्टीवर आता तीन आहे.

१३ मार्च

आमची विहीर. ५.१ अँपिअर. पाणी करंगळीएवढं. तक्त्यात ‘पुन्हा तपासणे’ लिहिलं. असं याआधी कुठंच लिहिलेलं नाही.

घरी आईनं भाकरी थापता थापता सांगितलं. मोटार तिघांच्या भागीत – दादा, महारुद्रकाका, शांतलिंगअप्पा. “पाचाचं बिल लागलं तर अप्पा भागीतनं निघतो म्हनतोय. पाट त्येच्याच रानातनं येतो. त्यो निघाला की आपलं पानी बंद. भुईमूग आत्ता कुठं फुलाला आलाय.” मग तव्यावरची भाकरी उलटली. “तुला सांगून ठिवलं. जेव.”

दादा एका शब्दानं काही म्हणाले नाहीत. त्यांनी म्हणायला हवं होतं.

१४ मार्च

सकाळी गेले. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. ७.४.

दादा मीटरकडे बघतच नव्हते. पाण्याकडे बघत होते. तपासणी केव्हाही होईल या भीतीनं महिनाभर कोणी व्हॉल्व्ह पुरता उघडला नव्हता. “लई दिवसांनी नळीभर पडलं,” म्हणाले. वाकून त्यांनी ओंजळ धरली, तोंड धुतलं.

‘५ हॉ.पॉ.’ लिहिलं. सही केली. उरलेल्या तीस ठिकाणीही व्हॉल्व्ह उघडून मोजायचं.

काका दादांना म्हणाले, “तात्या, पोरगी शिकवून काय केलंस? आपल्याच हिरीवर फौजदार आनून बसवला.”

“मोजलं ते बरुबर हाय का?” दादांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. “मग झालं तर.”

१७ मार्च

यादी संपली. एकतीसपैकी चोवीस पाचच्या. साहेब खूश. गाडीत चढताना बंडप्पानं तोंड फिरवलं.

२३ मार्च

आईचा निरोप, एस.टी.च्या कंडक्टरकडून – पाडव्याला येऊ नको, ऊन लई हाय.

उन्हाला मी कधी भीत होते?

६ एप्रिल

टपालात तेरचा अर्ज. जोडणी कायमची बंद करावी. अर्जदार: तात्याराव. अक्षर दादांचं, प्रत्येक ओळ रेघेवर बसवलेली. हॉर्सपॉवर – पाच. कारण – जमीन कोरडवाहू केली आहे.

अशा अर्जावर शेरा माझा लागतो. सर्व रकाने बरोबर भरलेले होते. मंजूर केला.